टल्सा : तेलावर उभं राहिलेलं शहर – तुमचे अनुभव

१९०५ साली जवळच ग्लेन पूलला तेल लागलं आणि अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या माळरानावरचं टल्सा पुढे 'जगाची तेल-राजधानी' म्हणून मिरवू लागलं. पेट्रोलियम इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलांमुळे आपल्यातल्या काहींचं तिकडे जाणं होतं. काय पाहिलंत, काय मनात राहिलं, जरूर लिहा.

*

लेकीकडे गेले होते. ती क्लासला गेली की मी फिलब्रुकला. तेलवाले वेट फिलिप्स यांचा हा ७२ खोल्यांचा, इटालियन धाटणीचा वाडा. १९३८ मध्ये त्यांनी तो कलासंग्रहालयासाठी शहराला देऊन टाकला. चित्रं सुंदरच, पण मागची पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी बाग मला जास्त आवडली. दुपार तिथेच काढा.

*

फिलब्रुकला +१. मुलं बरोबर असतील तर गोल्डन ड्रिलरही. तेलकामगाराचा ७५ फुटी पुतळा, हात खऱ्याखुऱ्या डेरिकवर (तेलविहिरीवरच्या मनोऱ्यावर) टेकलेला. आमचा धाकटा त्याच्या बुटापाशी उभा राहिला तर फोटोत शोधावा लागतो!

*

कृपया टल्सातला ग्रीनवुड हा भाग टाळू नका. तेलाच्या भरभराटीत कृष्णवर्णीयांनी तिथे स्वतःची बाजारपेठ उभी केली होती. ३१ मे आणि १ जून १९२१ ला गोऱ्या जमावाने माणसं मारली आणि तिथले सुमारे ३५ ब्लॉक जाळले. 'ग्रीनवुड रायझिंग'मध्ये सगळा इतिहास नीट मांडलाय, पण मी थबकलो तो बाहेर फुटपाथवर. जिथे जे दुकान होतं तिथे जमिनीत धातूची पाटी आहे : दुकानाचं नाव, '१९२१ मध्ये नष्ट', आणि खाली 'पुन्हा सुरू झालं' किंवा 'पुन्हा सुरू झालं नाही'. शिंपी, हॉटेल, डॉक्टर. मान खाली घालून वाचत वाचतच रस्ता संपवला. आर्ट डेको इमारती, बॉब डिलन सेंटर हे सगळं त्यानंतर बघा, आधी नको.

*

गाडी असेल तर पॉहस्काला जा, तासाभराचा रस्ता. ओसेज या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीच्या जमिनीखालचं तेल काढण्याच्या हक्कांचे लिलाव तिथे एका एल्म झाडाखाली व्हायचे, आणि त्याच तेलातल्या हिश्श्यापायी १९२० च्या दशकात अनेक ओसेज माणसांचे खून पडले. ओसेज नेशन म्युझियम लहानसंच आहे. जमातीच्या जमिनीच्या १९०६ च्या वाटणीतल्या हिस्सेदारांचे फोटो तिथे भिंतीभर लावलेत. घाई न करता एकेक चेहरा बघा.