'हॉल ऑफ फेम'मध्ये तुमच्या मते कोण हवं? अनुभव लिहा, नुसती यादी नको

ठाणेकर

रविवारी जेवता जेवता लेकाशी वाजलं. कारण काय, तर अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचा 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम', म्हणजे थोर कलाकारांना मानाने 'आत' घेणारं म्युझियम. २०२५ साली चाहत्यांच्या मतदानात फिश हा बँड पहिला आला आणि आत घेतलेल्यांच्या यादीत त्याचं नावच नाही. लेक म्हणाला, मग मतं मागतात कशाला? मी समजावलं, की पहिली रेकॉर्ड निघून २५ वर्षं झाली की कलाकार पात्र होतो, मग हजाराहून जास्त जाणकार मंडळी मतपत्रिका भरतात, आणि चाहत्यांच्या लाखो मतांची मिळून होते एक मतपत्रिका. एकच! तर म्हणे, "म्हणजे सोसायटीच्या मीटिंगमधल्या भाडेकरूसारखं. बोलू देतात, मोजत नाहीत."

मला उत्तर सुचलं नाही, म्हणून हा धागा. कोण आत हवं, कोणासाठी जीव जळतो, सगळं लिहा. पण "तो ग्रेट आहे" एवढं लिहून पळू नका. तो तुमच्यापर्यंत कसा पोचला तेही येऊ द्या.

कॅसेटभरू, दादर

सुरुवात मी करतो, कारण माझा राग सगळ्यांत जुना असणार. इंग्लंडचा रॉक बँड डीप पर्पल.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक कॅसेट भरून देणारा होता. कागदावर गाण्यांची नावं लिहून द्यायची, सोबत टीडीकेची नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट, आणि आठवड्याने जाऊन घ्यायची. माझ्या यादीतली दोन गाणी त्याला मिळाली नाहीत, म्हणून उरलेल्या जागेत त्याने स्वतःच्या मनाने 'चाइल्ड इन टाइम' भरलं. ते दहा मिनिटांचं. कॅसेटची बाजू संपली आणि गाणं ऐन ओरडण्यात तुटलं. पुढे काय होतं ते कळायला मला दोन वर्षं लागली. भांडायला गेलो होतो त्याच्याशी, येताना दुसरी कोरी कॅसेट देऊन आलो.

गिटारच्या क्लासला पहिल्या दिवशी पोरं काय वाजवतात? शून्य-तीन-पाच, शून्य-तीन-सहा-पाच, म्हणजे 'स्मोक ऑन द वॉटर'. ही धून ज्यांनी दिली ते १९९३ पासून पात्र होते. आत घेतलं २०१६ साली. ऑर्गन वाजवणारा जॉन लॉर्ड तोवर जाऊन जवळजवळ चार वर्षं झाली होती. बैल गेला आणि झोपा केला.

सेंट्रल लाइन

काका, त्याच वर्षी एन.डब्ल्यू.ए. हा रॅप ग्रुप पण आत गेला, ते नाही लिहिलंत. "रॅप म्हणजे रॉक नव्हे" हे मी घरी दारी ऐकत आलोय. त्यांच्यातल्या आइस क्यूबने त्या रात्री स्टेजवरूनच उत्तर दिलं, की रॉक अँड रोल हे काही वाद्य नाही, ती वृत्ती आहे. बारावीला मी मुलुंडहून लोकलच्या दारात उभा राहून त्यांचं पुटपुटत जायचो. वडिलांना वाटायचं पोरगा शिव्या पाठ करतोय. करतच होतो म्हणा. पण पोलीस आपल्याकडे कसे बघतात यावर गाणं होऊ शकतं, हे मला तिथे कळलं. ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह हे आत गेलेले पहिले हिप-हॉपवाले, तेही २००७ मध्ये.

कॅसेटभरू, दादर

माहीत होतं. मुद्दाम लिहिलं नव्हतं.

ओहायोची सून

मी या म्युझियमपासून पाऊण तासावर राहते. भारतातून पाहुणे आले की आमच्या फेऱ्या दोन: नायगारा आणि हे. ईरी तलावाच्या काठावर आय. एम. पेई या वास्तुकाराने बांधलेला काचेचा पिरॅमिड, १९९५ पासून उभा आहे. सासूबाईंना नेलं ते नेमकं फेब्रुवारीत. तलावावरून असा वारा, की पार्किंगपासून दारापर्यंत त्या माझ्या दंडाला धरून "विठ्ठल विठ्ठल" करत आल्या. आत एल्व्हिस बघून म्हणाल्या, "बरा दिसायचा." बाकी सगळा धांगडधिंगा.

घरी आल्यावर मी त्यांना सिस्टर रोझेटा थार्प दाखवली. १९६४ ची फीत आहे, मँचेस्टरच्या एका जुन्या रेल्वे स्टेशनवरची. ओला प्लॅटफॉर्म, अंगात जाड कोट, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार, आणि बाई पावसावरचंच भजन म्हणतेय. सासूबाई सरसावून बसल्या. "ही तर देवाचं गातेय. मग तिथे का नव्हती?"

होती हो, पण केव्हा? १९८६ च्या पहिल्या तुकडीत दहा कलाकार, दहाही पुरुष. त्यातल्या लिटल रिचर्डला पोरवयात स्टेजवर गायला बोलावणारी हीच. पहिली बाई, अरेथा फ्रँकलिन, १९८७ ला आली. रोझेटा १९७३ मध्ये वारली आणि आत गेली २०१८ मध्ये, तीसुद्धा 'पूर्वसूरी' या वेगळ्या खात्यात. संस्थापकांपैकी एक, यान वेनर, २०२३ मध्ये बायकांबद्दल आणि कृष्णवर्णीय कलाकारांबद्दल जे बोलला त्यावरून त्याला मंडळातून काढलं, तेव्हा मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. सासूबाई आता फोनवर विचारतात, "ती गिटारवाली लाव ना."

शास्त्रीयवाला

सेक्स पिस्टल्स या पंक बँडने २००६ साली हॉल ऑफ फेमला शिवराळ चिठ्ठी पाठवून कळवलं, येणार नाही. त्यांचं एकही गाणं मला सोसत नाही. चिठ्ठी मात्र आवडते.

खडूस बेसिस्ट, पुणे

मार्च २००७, आयर्न मेडन या मेटल बँडचा कार्यक्रम, बंगलोर, पॅलेस ग्राउंड्स. घरी सांगितलं इंटरव्ह्यू आहे. उद्यान एक्स्प्रेसचा जनरल डबा, चौघांत एक बर्थसुद्धा नाही, मी रात्रभर दाराशी पेपर टाकून बसलेलो. मैदानात लोक गाण्याचे शब्द सोडून गिटारची धूनच तोंडाने गात होते, हजारो माणसं. त्यांचा बेसिस्ट स्टीव्ह हॅरिस नुसत्या बोटांनी ती घोडदौड वाजवतो. मी अजून तार छेडायची चकती, पिक, वापरतो आणि लाजतो.

परत आल्यावर आईने विचारलं, कसा झाला? कान इतके वाजत होते की प्रश्न दुसऱ्यांदा विचारावा लागला. म्हटलं, कळवतो म्हणाले.

मेडनचं नाव २०२१ ला पुढे आलं, २०२३ ला आलं, दोन्ही वेळा मागे. ज्युडास प्रीस्ट या दुसऱ्या मेटल बँडला २०२२ ला घेतलं ते मुख्य यादीतून नाही, वेगळा सन्मान देऊन. पंगतीला बोलवायचं आणि पान ओसरीवर मांडायचं.

परतलेला इंजिनियर

२०२१ मध्ये मी लागोसला साइटवर होतो. हॉलच्या मतदानात नायजेरियाचा गायक फेला कुटीचं नाव आलं आणि आमची सगळी साइट पेटली. दिवसाला एक मत देता यायचं, म्हणून सकाळी हजेरीआधी मत. आमचा ड्रायव्हर माझा फोन मागून घेऊन माझंही मत देऊन टाकायचा. मी फेला ऐकला नव्हता. ट्रॅफिकमध्ये त्याने ऐकवला, एकेक गाणं पंधरा मिनिटांचं. लागोसच्या ट्रॅफिकला तेवढंच पुरतं. सैनिकांनी १९७७ साली या माणसाचं घर जाळलं, हे त्याने मला जळालेली भिंत आजच पाहिल्यासारखं सांगितलं. चाहत्यांच्या मतांत फेला टीना टर्नरच्या खालोखाल दुसरा आला. त्या वर्षी टीना आत, फेला बाहेर. ठाणेकर, तुमच्या लेकाचं भाडेकरूचं उदाहरण मी त्याला कळवणार आहे.

पाचगणीकर

क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आमच्या गावात शिकला, सेंट पीटर्समध्ये. हेक्टिक्स नावाच्या शाळेच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. क्वीन आत गेले २००१ मध्ये, तो जाऊन नऊ वर्षांनी. मला तो कोण हे स्ट्रॉबेरी घ्यायला आलेल्या एका जर्मन बाईने सांगितलं.

कशेडीचा घाट

आमच्या पद्मिनीत एकच कॅसेट होती, डायर स्ट्रेट्सची 'ब्रदर्स इन आर्म्स'. बाबा बँकेत, इंग्रजी गाणी ऐकणाऱ्यातले अजिबात नव्हेत, पण घाटात तीच लागायची. २०१८ ला डायर स्ट्रेट्सना घेतलं, तर त्यांचा गायक मार्क नॉफ्लर गेलाच नाही. शेवटी बेसिस्ट जॉन इल्सलीने स्वतःच उभं राहून स्वतःच्या बँडची ओळख करून दिली. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे एवढे दिवस नव्हते का ते आत?"

ठाणेकर

लेकाला सगळं वाचून दाखवलं. त्याने एवढंच विचारलं, "फिशबद्दल कुणीच नाही लिहिलं?" खरंच की. इथे फिश ऐकणारं कुणी आहे का?