तिसरीचं दुसरं सत्र सुरू झालं पण वही कोरीच, शाळेत नक्की चाललंय काय?

इंदिरानगरची_आई

नमस्कार मंडळी. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यात. माझी मुलगी तिसरीला आहे, मराठी माध्यम सेमी, आणि मुलगा पहिलीला, दोघं एकाच शाळेत. रोज संध्याकाळी दप्तर उघडते तर वहीत दोन ओळी. काय केलं आज विचारलं तर म्हणते व्हरांडा मोजला. कशाने मोजला, तर आधी पावलांनी, मग दोरीने, मग मीटरपट्टीने. दुसऱ्या दिवशी काय तर सगळ्यांनी मिळून शाळेपासून घरापर्यंतच्या रस्त्याचा नकाशा काढला, त्यात आमच्या गल्लीतलं कुत्रंसुद्धा आहे.

आता बाईंनी सांगितलं घरच्यांबरोबर बाजारात जा आणि पाच भाज्यांचे किलोचे आणि पाव किलोचे भाव लिहून आणा. म्हणून नाशिकला गंगेवरच्या म्हणजे गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात गेलो, पाय ठेवायला जागा नाही, ही मधेच उभी राहून वहीत लिहितेय आणि भाजीवाल्या मावशी म्हणतात घ्यायचंय का नुसतं लिहायचंय? शेवटी मला नको असलेला वाटाणा घ्यावा लागला.

शेजारची मुलगी इंग्लिश मीडियमला तिसरीतच आहे, तिच्या वह्या भरून वाहतायत, पाढे 15 पर्यंत लिहून झालेत. सासूबाई रोज ऐकवतात. आणि मुलाचं वेगळंच, त्रेपन्न सांगितलं की 35 लिहितो आणि वर मलाच सांगतो की बरोबर आहे.

तर प्रश्न असा की पहिलीला आणि तिसरीला दुसऱ्या सत्रात नेमकं काय शिकवणं अपेक्षित असतं, हे असंच असतं का आमच्याच शाळेत टाइमपास चाललाय? आणि क्लास लावू का? कोणी शिक्षक असाल तर प्लीज सांगा.

---

निफाडकर_मास्तर

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, तिसरी चौथी दोन्ही वर्ग माझ्याकडेच. व्हरांडा मोजला हे वाचून मला तर बरं वाटलं, तुमच्या बाई काम करतायत.

तिसरीला गणितात आता गुणाकार पक्का करून भागाकार, मग पाव अर्धा पाऊण, मग मोजमाप म्हणजे लांबी वजन घड्याळ पैसे हे सगळं येतं. आधी पावलांनी मोजायला लावतात ते मुद्दाम. तुमच्या लेकीची 22 पावलं आली आणि मैत्रिणीची 25 तर खरं कोणाचं, यावर वर्गात भांडण होतं आणि त्या भांडणातून पोरांना स्वतःलाच कळतं की सगळ्यांसाठी एकच माप पाहिजे. मग मीटरपट्टी हातात द्यायची. फळ्यावर 1 मीटर म्हणजे 100 सेंटीमीटर लिहून दिलं तर पाच मिनिटांत वहीत उतरतं, पण विचारा बरं त्यांना की दार किती उंच असेल, 20 मीटर सांगतात.

नकाशाचंही तेच आहे. परिसर अभ्यासात दिशा, नकाशा, आपलं गाव, मग आपला जिल्हा असं क्रमाने येतं. ज्या पोराने स्वतःच्या गल्लीचा नकाशा काढलाय त्याला जिल्ह्याचा नकाशा वाचता येतो. कुत्रं असू द्या, दुसऱ्या नकाशात आपोआप जातं.

आता घरी काय तपासायचं ते सांगतो, कारण वहीवरून काही कळत नाही. केंद्राचं निपुण भारत म्हणजे लहान वर्गांचा वाचन-गणिताचा पाया पक्का करायचं अभियान 2021 ला सुरू झालं, त्यात लक्ष्यं ठरवून दिलीत. पहिलीच्या शेवटी मुलाला चार-पाच शब्दांची छोटी वाक्यं वाचता यावीत आणि 99 पर्यंतच्या संख्या लिहिता-वाचता याव्यात. तिसरी संपताना मिनिटाला निदान 60 शब्द, तेही अर्थ समजून, आणि 9999 पर्यंतच्या संख्या, सोपे गुणाकार. तेव्हा एक न वाचलेला धडा किंवा पेपरातली छोटी बातमी द्या, मोबाइलवर मिनिट लावा, आणि मुख्य म्हणजे नंतर विचारा काय झालं त्यात, का झालं. घडाघडा वाचतात आणि काय वाचलं ते सांगता येत नाही अशी पोरं प्रत्येक वर्गात असतात आणि त्यांच्या वह्या सगळ्यात सुंदर असतात.

मुलाचं 35 वालं तर एकदम कॉमन आहे, घाबरू नका. त्रेपन्न ऐकताना कानावर आधी तीन पडतो मग पन्नास, लिहायचा मात्र आधी पाच. पोरगं ऐकलं तसं लिहितंय. 2019 ला दुसरीच्या गणितात पन्नास तीन असं वाचायची पद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पुस्तकाच्या गणित समितीवरच्या मंगला नारळीकर बाईंची केवढी टर उडवली लोकांनी. वर्गात उभं राहिलं की कळतं त्या काय सांगत होत्या. मी दोन्ही घेतो. घरी आइस्क्रीमच्या काड्या जमवा, दहा-दहाला रबर लावा, आणि त्रेपन्न म्हटलं की आधी पाच गठ्ठे मांडायचे मग तीन सुट्ट्या, मांडून झाल्यावरच लिहायचं. थोडे दिवसात सुटतं.

पहिलीला यंदा म्हणजे 2025-26 ला पुस्तकंही नवीन आहेत नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे. दुसरी तिसरी चौथीला एप्रिलच्या निर्णयाप्रमाणे 2026-27 ला येणार, म्हणजे तुमच्या लेकीला पुढच्या वर्षी चौथीला नवीन पुस्तक.

क्लासचं म्हणाल तर पहिलीला अजिबात नको. केंद्राने 2018 लाच सांगितलंय की पहिली दुसरीला गृहपाठसुद्धा द्यायचा नाही.

---

पाथर्डीफाटा_बाबा

मास्तर, तुमचं सगळं पटतं पण हे तुमच्यासारखा शिक्षक असेल तर. आमच्या चिरंजीवांच्या वर्गात कायद्याने 30 ला एक शिक्षक पाहिजे तिथं कितीतरी जास्त पोरं बसतात, त्यात बाईंना बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, ट्रेनिंग, ऑनलाइन माहिती भरा, लिंक भरा. तिथं व्हरांडा मोजायला नेलं की अर्धी पोरं झाडावर चढतात. उपक्रमाचा फोटो निघतो, ग्रुपवर पडतो, झालं. मला कोणी सांगा फोटो पडल्यावर त्या मापाचं पुढं काय झालं ते कोण विचारतं?

आणि ताई, तुमची तिसरीला आहे म्हणून निवांत आहात. शिष्यवृत्ती परीक्षा यंदा 2025-26 पासून परत चौथी आणि सातवीला आणलीय, इतकी वर्षं पाचवी आठवीला होती. आमचा चौथीला आहे, आम्हाला दिवाळीच्या तोंडावर कळलं, आता दोन पेपर, एकात भाषा गणित आणि दुसऱ्यात इंग्रजी बुद्धिमत्ता, ओएमआर उत्तरपत्रिकेवर गोळे भरायचे. वेळ लावून प्रश्न सोडवायचा सराव लागतो हो त्याला, बाजारात जाऊन होत नाही. पाढे 15 काय 20 पर्यंत पाठ पाहिजेत, त्यात कमीपणा कसला? शेजारच्या मुलीची वही भरतेय तर भरू द्या, हात तरी वळतोय.

पहिलीला क्लास नको हे मान्य. तिसरीला मात्र मी रोज अर्धा तास घरीच बसवा म्हणेन.

---

पंचवटीचे_आजोबा

आमच्या वेळी तिसरीला नाशिक जिल्ह्याचा भूगोल असं वेगळं पुस्तक होतं आणि पंधरा तालुके ओळीने पाठ असायचे, नाशिक इगतपुरी दिंडोरी पेठ त्र्यंबक कळवण देवळा सुरगाणा बागलाण मालेगाव नांदगाव चांदवड निफाड सिन्नर येवला. अर्थात देवळा आणि त्र्यंबक नंतर झाले, तेव्हा तेराच होते, हिशोब करणाऱ्यांनी ओरडू नये. पाठांतराला हल्ली नावं ठेवतात पण मला अजून येतात.

नातू चौथीला आहे, त्याला परिसर अभ्यास भाग दोन म्हणजे शिवछत्रपती. त्याला विचारलं साल्हेर कुठंय तर म्हणाला पुस्तकात. अरे आपल्या बागलाणात आहे की! 1672 ची लढाई, मोगलांना उघड्या मैदानात हरवलं, आणि 2025 च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे बारा किल्ले गेले त्यातही साल्हेर आहे, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, 1567 मीटर. नाशिकच्या पोराला हे शाळेतून कळलं पाहिजे. शिक्षकांवर टाकून चालत नाही, घरच्यांनीही सांगावं. लहान पोरांना साल्हेर झेपणार नाही, रामशेज जवळ आहे, तिथं न्या. औरंगजेबाच्या फौजेला वर्षानुवर्षं दाद न दिलेला किल्ला आहे आणि एका सकाळीत वर जाऊन घरी जेवायला येता.

---

इंदिरानगरची_आई

सगळ्यांचे खूप आभार. मास्तरांनी सांगितलं तसं काल मिनिट लावून बघितलं. बालमित्र पुरवणीतली गोष्ट दिली, वाचलं चांगलं, पण का झालं विचारल्यावर दोनदा मागे जाऊन बघितलं तेव्हा सांगता आलं. म्हणजे तिथं काम आहे.

पण एक गंमत सांगते. बाजारातली वही घेऊन बसलो, वाटाणा 60 रुपये किलो आणि पाव किलोला मावशींनी 20 घेतले होते. ही म्हणते आई साठाचा पाव पंधरा होतो मग मावशीने वीस का घेतले, फसवलं का आपल्याला? मला पटकन उत्तरच देता येईना. मग तिचे बाबा म्हणाले थोडं घेतलं की महाग पडतं, सुट्ट्याचा भाव वेगळा. तर तिने सगळ्या भाज्यांचं काढलं, कोणी किती जास्त लावलं, आणि मेथी जुडीवर असल्यामुळे तिचं काढता येत नाही म्हणून चिडली. हे सगळं वहीत नाही हं, फरशीवर खडूने.

@पाथर्डीफाटा_बाबा, अर्धा तासाचं पटलं, पाढे सुरू करते. पण 20 पर्यंत नको बाई आत्ताच.

---

निफाडकर_मास्तर

@ताई, हेच वर्गात जाऊन सांगायला लावा तिला. बाईंना सांगा फरशीचा फोटो आहे म्हणून.

@पाथर्डीफाटा_बाबा, साहेब तुमचं फोटोचं खरं आहे, आमच्याकडेही चालतं. पण सराव आणि उपक्रम यात भांडण लावू नका. चौथीवाल्यांना मी पण रोज दहा प्रश्न सोडवायला देतो, गोळे भरायला शिकवतो. फक्त बुद्धिमत्तेतले दिशेचे प्रश्न, उत्तरेकडे तोंड करून उजवीकडे वळला, तिथून डावीकडे, हे ज्यांनी मैदानात उभं राहून वळून बघितलंय ते पटकन करतात आणि ज्यांनी गाइडमधून केलंय ते पेपर गोल फिरवत बसतात. आणि भाषा गणित इंग्रजीची संकलित दोन म्हणजे दुसऱ्या सत्राची चाचणी एप्रिलमध्ये आहेच सगळ्यांना, त्यालाही उतारा वाचून उत्तर द्यायचं असतं.

आमच्याकडे दुसऱ्या सत्राचं एक वेगळंच असतं जे शहरात कळत नाही. द्राक्षाच्या कामाला पेठ सुरगाण्याकडची कुटुंबं इकडे येतात, त्यांची पोरं दिवाळीनंतर वर्गात बसायला लागतात. दाखला नाही म्हणून बसवायचं नाही असं करता येत नाही, वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं असा कायदाच आहे, आणि घ्यायलाच पाहिजे. पण घरी कोकणी (गोव्याची नव्हे, तिकडच्या आदिवासींची बोली) बोलणारं पोरगं तिसरीत येतं, त्याच्या गावच्या शाळेत धडा पाच चालू होता, आमचा अकरा. त्याला वहीत उतरवायला दिलं तर सुंदर उतरवतो हो, मोत्यासारखं, आणि एक शब्द कळलेला नसतो. त्याच पोराला द्राक्षाच्या मण्यांचा घड किती वजनाचा भरेल विचारा, हातात घेऊन सांगतो, वजनकाट्यावर टाकलं तर थोडाच फरक. मग गणित तिथून सुरू करतो मी. मार्चनंतर मंडळी परत जातात तेव्हा परत सगळं तुटतं, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

सध्या चौथीला रोज निफाडचं किमान तापमान लिहायला लावलंय. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा पेपरात येतोच थंडीत. पोरं तक्ता करतात, कालच्यापेक्षा किती उतरलं ते वजाबाकीने काढतात. बागायतदारांची पोरं सांगतात एवढं खाली गेलं की बाबा बागेत शेकोट्या पेटवतात, मणी तडकतात म्हणून. हे कुठल्या विषयात धरायचं, गणित का परिसर, हे मला दैनंदिन टाचणात म्हणजे रोजच्या पाठांच्या नोंदवहीत लिहिताना कळत नाही.

---

नाशिकरोडकर

मास्तर तुमच्या शाळेत मोठ्या माणसांना ॲडमिशन मिळतं का 😄

ताई एक सुचवू का, आता नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात पक्षी यायला लागलेत, 2020 ला रामसर म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळालेलं राज्यातलं पहिलं ठिकाण आहे, आपल्याच जिल्ह्यात, तिसरीच्या परिसर अभ्यासाला याहून भारी काय. आम्ही दरवर्षी नेतो पोरांना.

---

इंदिरानगरची_आई

अरे वा, हे डोक्यातच आलं नव्हतं. किती वाजता पोचावं लागतं? आमच्याकडे सकाळी दोघांना उठवणं म्हणजे महाकठीण, आता चौथीपर्यंतची शाळा नऊनंतर भरते तेव्हापासून तर जास्तच लाडावलेत.

---

नाशिकरोडकर

उजाडता उजाडता पोचलात तर उत्तम, ऊन चढलं की पक्षी लांब जातात. चापडगावच्या बाजूने जा, तिथं मनोरे आहेत. दुर्बीण असेल तर आणा, नसेल तर कोणाकडून तरी मागून घ्या, नुसत्या डोळ्यांनी पोरं कंटाळतात. आणि मातकट रंगाचे कपडे घाला, लाल पिवळं नको. रविवारी गर्दी असते पण शाळा असल्यामुळे तुम्हाला तोच वार जमेल.