मदत हवी आहे : मॅग्माची व्हीएचएस कॅसेट, रंग गायब (तातडीचं!)

खर्जातला_सा
मंडळी, लवकर सांगा. मॅग्माची एक कॅसेट हाती लागलीये, कॅसेटींच्या अदलाबदलीच्या काळातल्या एका मित्राच्या खोक्यातून. टीव्हीवरून उतरवलेली, साधारण चाळीस मिनिटांची. लावली तर सगळं काळं-पांढरं. मित्र शपथेवर सांगतो की रंगीत होतं. व्हीसीआर उसना आहे, रविवारी परत द्यायचाय. काय करू? नेटवर शोधून झालंय, तेवढं सांगू नका.

ढोलकी_डब्बा
कुठला व्हीसीआर? कुठली केबल? टीव्हीवर बघताय की कॉम्प्युटरवर उतरवताय? एवढं तरी लिहा हो, आम्ही काय पोपट घेऊन बसलोय का पाकिटं उचलायला?

खर्जातला_सा
व्हीसीआर साधाच आहे, घरोघरी असायचा तसला. कॉम्प्युटरवर उतरवतोय. याने काय फरक पडतो?

टेपकिडा
हेड (ड्रमवरचा टेप वाचणारा भाग) साफ करा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ चामड्याचा तुकडा. कापसाची काडी अजिबात नको, तिचे तंतू हेडच्या फटीत अडकतात. तुकडा ड्रमला नुसता टेकवून धरायचा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून फिरवायचा. वर-खाली घासलंत तर हेड मोडलंच समजा. मी आजवर चौदा व्हीसीआर असे जिवंत केलेत.

चकती
टेपकिडा, सगळ्या धाग्यांवर तुमचं एकच औषध! हेड घाण असेल तर चित्रावर बर्फ पडतो, रेघा येतात. एकटा रंगच कसा जाईल? आणि धागाकर्त्याने बर्फाचं नावही काढलेलं नाही.

टेपकिडा
धागाकर्त्याने कशाचंच नाव काढलेलं नाही.

निळी_झाक
एस-व्हिडिओ वापरताय का? त्यात उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांतून जातात. रंगाच्या तारेची पिन वाकली की चित्र लख्ख दिसतं पण काळं-पांढरं. माझं एकदा असंच झालं, आठवडा गेला शोधण्यात. पिवळ्या पिनेची साधी केबल लावून बघा.

खर्जातला_सा
पिवळ्या पिनेचीच आहे. दुसरीही लावून पाहिली. तेच.

उद्याचा_सूर
एवढी डोकेफोड कशाला? आहे तसं उतरवून घ्या आणि एआयकडून रंग भरून घ्या. दहा मिनिटांचं काम.

चकती
दुर्मीळ चित्रणात खोटे रंग भरायचे? मग गाणंही त्यालाच म्हणायला सांगा.

ढोलकी_डब्बा
मुळात मॅग्माला रंग कशाला लागतात म्हणे? सगळे नखशिखांत काळ्या कपड्यांत आणि गळ्यात ते पंजाच्या आकाराचं पदक. रंगीत टीव्हीवरही काळं-पांढरंच दिसणार :)

अर्धा_कप
वाचनमात्र होतो, हे नाव ऐकलेलं नाही. कसला बँड आहे?

ढोलकी_डब्बा
अर्धा_कप, फ्रेंच बँड, 1969 पासूनचा. कर्ताधर्ता क्रिस्तियाँ वाँदेर, तो ड्रम वाजवतो आणि मध्येच गातो. पृथ्वी रसातळाला चाललीये म्हणून काही माणसं कोबाया नावाच्या ग्रहावर जाऊन वसतात अशी कथा, आणि गाणी त्या ग्रहाच्या भाषेत. भाषाही वाँदेरनेच रचलेली. अर्थाच्या मागे लागू नका. जॅझ सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनवर त्याची भक्ती, तो 1967 मध्ये गेला तेव्हा हा कोसळला होता. 1973 च्या 'मेकॅनिक देस्त्रुक्तिव कोमांदो'पासून सुरुवात करा. पहिल्यांदा वाटेल की सैन्याची तुकडी भजनाला बसलीये. तिसऱ्यांदा ऐकताना तुम्हीही त्यांच्यात असाल.

खर्जातला_सा
रविवार. मी फक्त आठवण करून देतोय.

मोटरिक
मॅग्मा ठीक आहे, पण जुनं चित्रण बघायचं तर कॅन या जर्मन बँडचं बघा. कोलोन, फेब्रुवारी 1972, फुकट कार्यक्रम, चक्क फिल्मवर टिपलेला. डामो सुझुकी त्यांना 1970 मध्ये म्युनिकच्या रस्त्यावर गाताना सापडला आणि त्याच रात्री त्यांच्याबरोबर मंचावर उभा राहिला. त्यांचा ड्रमवाला याकी लीबेझाइट, त्याचा ठेका ऐकून मग सांगा वाँदेर मोठा की तो.

ढोलकी_डब्बा
मोटरिक, लीबेझाइट घड्याळ आहे, वाँदेर वादळ आहे. घड्याळाची आणि वादळाची तुलना करून काय मिळणार?

खुंटी_ढिली
अवांतर : मॅग्माचा बासवाला जानिक टॉप बास गिटार चेलोसारखी लावायचा, सी-जी-डी-ए, म्हणजे दर दोन तारांत सा-प. नेहमीची बास सा-म ने लागते. त्यामुळे त्याची सगळ्यात जाड तार दोन स्वर खाली जाते. 1976 च्या अल्बममधलं 'दे फुतुरा' ऐका, जवळजवळ अठरा मिनिटं. माझ्या खिडकीची काच थरथरते.

टेपकिडा
हेडने होत नसेल तर टेप भाजून पाहा. मंद आचेवर काही तास.

चकती
अहो काय सांगताय! कुणीही हे करू नका. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही रीळ टेपांचं बाइंडर (चुंबकी भुकटी टेपला चिकटवून ठेवणारा थर) ओल शोषून चिकट होतं, त्यांच्यासाठी आहे ते. तेही पन्नास-पंचावन्न अंशांवर, नियंत्रित उष्णतेत. व्हीएचएसचं कवच वाकडं होईल आणि टेपही जाईल. रंगाशी तर त्याचा काडीचा संबंध नाही.

तीन_मूठ_माती
उशिरा आलो. खर्जातला_सा, तीनच प्रश्न, सरळ उत्तरं द्या. चित्र स्थिर आहे की वर-खाली लोळतंय? आवाज नीट आहे का? आणि कॅसेटवर काय काय लिहिलंय, छापलेलं आणि पेनाने, सगळं.

खर्जातला_सा
चित्र एकदम स्थिर, आवाज उत्तम. वर पेनाने "मॅग्मा" लिहिलंय. पाठीवर "सेकॅम" लिहिलंय, ते बहुतेक गाण्याचं नाव असावं, त्यांच्या त्या भाषेतलं.

ढोलकी_डब्बा
:)))))

चकती
सतरा प्रतिसाद! सतरा प्रतिसादांनंतर!

तीन_मूठ_माती
गाणं नाही हो ते. सेकॅम म्हणजे फ्रान्सची रंगीत टीव्हीची पद्धत, तिथे 1967 मध्ये सुरू झाली. तुमचा व्हीसीआर पाल या दुसऱ्या पद्धतीचा असणार. दोन्हींत 625 रेषा आणि सेकंदाला 25 चित्रं, म्हणून चित्र लोळत नाही. अमेरिकेची एनटीएससी कॅसेट असती तर 525 रेषा, मग लोळलं असतं. वेगळी आहे ती फक्त रंग पाठवायची तऱ्हा. सेकॅममध्ये एका रेषेबरोबर लाल रंगाची माहिती येते, पुढच्या रेषेबरोबर निळ्याची, आणि टीव्ही आधीची रेषा लक्षात ठेवून दोन्ही जुळवतो. पालच्या यंत्राला हे उमगत नाही, ते रंग सोडून देतं. तेव्हा कॅसेट खराब नाही, मित्रही खोटं बोलत नाही.

खर्जातला_सा
अरे देवा. मग आता सॉफ्टवेअरमध्ये सेकॅम निवडलं की झालं ना?

तीन_मूठ_माती
नाही. रंग व्हीसीआरमध्येच गळतोय, पुढे काही निवडून परत येणार नाही. सेकॅम वाचणारा व्हीसीआर लागेल, मग कॅप्चरच्या सेटिंगमध्येही सेकॅम निवडा. एक फसगत टाळा : बऱ्याच बहुपद्धती यंत्रांवर "मीसेकॅम" लिहिलेलं असतं. ते मध्यपूर्वेतलं प्रकरण, टेपवर रंग निराळ्या रीतीने नोंदवतं. अस्सल फ्रेंच कॅसेट त्यावरही काळी-पांढरीच दिसेल.

रविवारपर्यंत एवढंच करा, आवाज पूर्ण उतरवून घ्या. त्यात काही उणं नाही. चित्र नंतर.

निळी_झाक
+१. आणि आधी फ्रान्सच्या 'इना'च्या संग्रहात शोधा. तिथल्या जुन्या टीव्ही-रेडिओ कार्यक्रमांचा साठा 1975 पासून त्यांच्याकडे आहे. मूळ तिथे निघालं तर तुमच्या कॅसेटपेक्षा कितीतरी स्वच्छ असेल.

मोटरिक
स्नूकरवाला स्टीव्ह डेव्हिस मॅग्माचा एवढा वेडा की 1988 मध्ये त्याने स्वतः पुढाकार घेऊन त्यांना लंडनमध्ये वाजवायला आणलं. सहा वेळा जगज्जेता आणि वर कोबायाचा नागरिक.

टेपकिडा
सेकॅम असलं तरी हेड साफ करून घ्यायला काय हरकत आहे?

खर्जातला_सा
आवाज उतरवला, एकदाचा. तीन_मूठ_माती, आभार. सेकॅमचा व्हीसीआर कुणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बाकी चित्रण नेमकं कुठल्या वर्षीचं ते कळत नाही. दुसऱ्या गाण्यात तो व्हायोलिनवाला पोरगा फारच पुढे पुढे करतो, तेवढं सोडलं तर मस्त आहे.

ढोलकी_डब्बा
थांबा. व्हायोलिनवाला पोरगा?

खुंटी_ढिली
दिदिए लॉकवूड!! 1975 च्या लाइव्ह अल्बमवर आहे तो, तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं!

चकती
बास कोण वाजवतोय? गाणं किती मिनिटांचं? मागे पडद्यावर काही अक्षरं दिसतात का?

खर्जातला_सा
व्हीसीआर आत्ताच देऊन आलो.