अनुभव धागा : पाचवी ते सातवीचे गणित तुम्हाला नेमके केव्हा उमगले?

परवा माझ्या सहावीतल्या मुलाच्या वहीत ३ ÷ ३/४ = ४ हे उदाहरण पाहिले. रीत बरोबर होती, उत्तरही बरोबर होते, पण "भागल्यावर संख्या लहान व्हायला हवी, मग तिनाचे चार कसे झाले?" या त्याच्या प्रश्नाने मला थेट माझ्या सहावीच्या बाकावर नेऊन बसवले. आम्हाला "दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा" एवढेच सांगितले होते, आणि कारण विचारल्यावर "परीक्षेत कारण विचारत नाहीत" असे उत्तर मिळाले होते.

कारण दाखवले ते आईने. शाळेत दोन वेण्यांना लाल रिबिनी लागत आणि आई घरी शिवणकाम करत असल्यामुळे तिची टेप नेहमी गळ्यातच असे. तिने तीन मीटर रिबीन जमिनीवर पसरली, पाऊण मीटरवर खडूने खूण केली आणि म्हणाली, "तिनात पाऊण किती वेळा बसते ते तूच मोज." चार तुकडे झाले आणि काहीही उरले नाही. दोन माझ्या वेण्यांना गेले, दोन धाकट्या बहिणीच्या. उलटा करून का गुणायचे, हेही त्याच रिबिनीवर समजले. एका मीटरमध्ये पाऊण मीटर एक पूर्ण आणि एक तृतीयांश वेळा बसते, म्हणजे ४/३ वेळा. तीन मीटरमध्ये त्याच्या तिप्पट.

आपणा सर्वांचे असे अनुभव वाचायला मला मनापासून आवडेल.

प्रतिसाद, सांगलीहून

ताई, माझे दुखणे ऋण संख्यांचे होते. सातवीत "ऋण गुणिले ऋण धन" हे वाक्य आमच्याकडून घोकून घेतले गेले. मी "का?" असे दोनदा विचारले, तेव्हा मला उरलेला तास वर्गाबाहेर उभे केले. त्या वर्षी मी शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणार होतो; त्या दिवसानंतर गणिताच्या तासाला मी हात वर केला नाही. ही गोष्ट आठवली की मला अजूनही वाईट वाटते.

उत्तर मिळाले ते महाविद्यालयात, वसतिगृहातल्या एका मित्राकडून. त्याने एकाखाली एक तीन ओळी लिहिल्या: (−३) × २ = −६, (−३) × १ = −३, (−३) × ० = ०. "गुणक एकेकाने उतरतो आहे आणि उत्तर तीन-तीनने चढते आहे, आता पुढची ओळ तू लिही," असे तो म्हणाला. मी (−३) × (−१) = ३ असे लिहिले आणि बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिलो. हे सातवीच्या वर्गात पाच मिनिटांत दाखवता आले असते.

प्रतिसाद, बार्शीहून

मूळ लेखातल्या रिबिनीचे उत्तर माझ्या आजोबांना तोंडपाठ होते. त्यांचे किराण्याचे दुकान होते आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाव ते साडेतीनपर्यंतच्या अपूर्णांकांचे सारे पाढे त्यांच्या जिभेवर असत. "चार पाऊण तीन" हे मी पाचवीत असताना पोत्यांवर बसून ऐकले आहे. आमच्या वर्गात अपूर्णांक आले तेव्हा इतर मुलांना ३/४ ही दोन वेगळ्या अंकांची उतरंड वाटत असे. मला मात्र ती पाऊण शेर डाळ दिसत असे. पाठांतर आणि समज यांत वैर असते असे मला वाटत नाही. ज्याचे पाठांतर करायचे, ते आधी तराजूत पाहिलेले असावे.

प्रतिसाद, प्राथमिक शिक्षिका

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते सातवीला गणित शिकवते. सांगलीच्या दादांना वर्गाबाहेर उभे केल्याचा प्रसंग वाचून एक शिक्षिका म्हणून मला फार वाईट वाटले.

माझा अनुभव संख्यानामांचा आहे. "बावन्न" म्हणताना दोन आधी ऐकू येतात आणि लिहिताना पाच आधी लिहावे लागतात. "एकोणसाठ" ऐकल्यावर साठ कानात राहतो आणि मूल ६९ लिहून मोकळे होते. २०१९ साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकात २१ साठी "वीस एक" अशी वाचनपद्धती आली आणि मोठा वाद झाला, तेव्हा मीही आधी रागावले होते. मग माझ्याच पाचवीच्या वह्या पुन्हा तपासल्या. भागाकार चुकला म्हणून लाल शाई लावलेली कित्येक उदाहरणे प्रत्यक्षात फळ्यावरून नव्हे, ऐकून उतरवताना चुकली होती. पुढची रीत निर्दोष होती. आपली एकवीस, बावन्न ही नावे मला प्रियच आहेत आणि ती टिकावीत. पण तेव्हापासून मी तोंडी दिलेले उदाहरण मुलांकडून आधी परत वाचून घेते.

प्रतिसाद, नाशिकहून

सातवीत एका मोकळ्या तासाला आमच्या बाईंनी चार अंकी संख्या मनात धरायला सांगितली. फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची आणि आलेल्या उत्तराचे पुन्हा तेच करायचे. मी ३५२४ घेतली: ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. वर्गातल्या प्रत्येकाची वजाबाकी सात पायऱ्यांच्या आत ६१७४ वरच येऊन थांबली. हा स्थिरांक १९४९ साली शोधणारे द. रा. कापरेकर जवळच्याच देवळालीत शाळामास्तर होते, हे बाईंनी नंतर सांगितले. गणित कुणीतरी शोधून काढते, आणि तो माणूस आपल्याच जिल्ह्यातला असू शकतो, हे मला तोवर ठाऊकच नव्हते.

धागाकर्ती

बार्शीच्या दादांचे "चार पाऊण तीन" मी आज मुलाला ऐकवले. त्याने लगेच विचारले, "मग पाच पाऊण किती?" मी उत्तर दिले नाही, घरातली रिबीन आणि टेप त्याच्यापुढे ठेवली. चार तुकड्यांना पाचवा जोडून त्याने टेप दोनदा लावून पाहिली आणि स्वयंपाकघरात येऊन सांगितले, "पावणेचार."