मदत हवी आहे: इटालियनमध्ये 'नेक्तार'चं 'नेत्तारे' कसं झालं?

नमस्कार मंडळी, एका शब्दात अडकलोय. ग्रीक कवी होमरच्या काव्यात देव पितात ते 'नेक्तार'. 'नेक्' म्हणजे मरण (आपला 'नाश' त्याच धातूतला) आणि 'तार' म्हणजे तरून जाणारं, आपल्या 'तरणे'सारखं. ही फोड बरेच अभ्यासक देतात, मला ती फार आवडते.

लॅटिनमार्गे फ्रेंच, स्पॅनिश, जर्मनमध्ये 'क्त' टिकला. इटालियनमध्ये मात्र 'नेत्तारे', जसं लॅटिन 'ओक्तो'चं (आठ) 'ओत्तो'. अगदी आपल्या संस्कृत 'भक्त'चं (इथे अर्थ अन्न) प्राकृतात 'भत्त' आणि मग भात झाला तसं! पण स्पॅनिशमध्ये 'ओक्तो'चं 'ओचो' झालं, मग 'नेक्तार' तसाच कसा राहिला? विद्वानांनी ग्रंथांतून उशिरा उचलला म्हणून? आणि इटालियन शब्द लोकांच्या तोंडून आलाय की तोही पुस्तकीच? लॅटिन किंवा इटालियन शिकलेल्या कुणी कृपया समजावून सांगाल का?