टर्मिनलमधल्या रंगीत ‘ग्रिड’ला काय म्हणायचं?

प्रश्न : एका छोट्या प्रोग्रामची मदत-पानं मराठीत लिहितोय. प्रोग्राम टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या नुसत्या अक्षरांच्या खिडकीत, आकड्यांचा तक्ता काढतो आणि आकडा जितका मोठा तितका त्यामागचा रंग गडद करतो. ‘ग्रिड’ला जाळी लिहिलं तर खिडकीची जाळी आठवते. त्यातल्या एकेका ‘सेल’ला पेशी लिहायला हात धजत नाही. आणि ‘रंगीबेरंगी’ चालेल का?

प्रतिसाद १ : रंगीबेरंगी नको, त्यात पताका फडफडतात. तुमचा रंग सजावटीचा नाही, तो आकड्याचा अर्थ सांगतोय. एकाच रंगाची फिकट-गडद चढण असेल तर ‘छटा’ हा नेमका शब्द आहे. ग्रिडला सरळ कोष्टक म्हणा. हिंदीत कोष्ठक म्हणजे कंस, पण मराठी वाचकाचा तसा घोटाळा होणार नाही.

प्रतिसाद २ : कोष्टक आकडे वाचायचे असतील तेव्हा. आकडे काढून नुसते रंगाचे चौकोन ठेवले तर मी ‘पट’ म्हणेन, बुद्धिबळाचा असतो तसा. म्हणजे सेलला ‘घर’ आपोआप मिळतं. पटावर ६४ घरं असतात, ६४ पेशी नव्हे!

प्रश्नकर्ता : घर आवडलं. मग ‘छटापट’ करू का?

प्रतिसाद १ : मोठ्याने म्हणून बघा. झटपट आणि छटपट यांच्या मधलं काहीतरी ऐकू येतं. ‘छटातक्ता’ही नको, तो रंगाच्या दुकानात मिळतो. ‘छटांचं कोष्टक’ लिहा, दोन शब्द झाले तर काय बिघडलं?

प्रतिसाद ३ : ‘घर’बद्दल एक अडचण. टर्मिनलचा पडदा मुळातच घरांचा असतो. १९७८च्या व्हीटी१०० या टर्मिनलवर ८० उभ्या आणि २४ आडव्या ओळी होत्या, एका घरात एक अक्षर. तुमच्या कोष्टकातला ‘४२७’ हा आकडा अशी तीन घरं अडवतो. मग ‘घराची रुंदी तीन घरं’ असं वाक्य लिहिणार का? अक्षराच्या जागेला घर ठेवा, आकड्याच्या जागेला चौकट म्हणा. उभ्या ओळीला रकाना आहेच, वर्तमानपत्रं रकानेच्या रकाने भरतात तो.

हा भेद नुसता शब्दांचा नाही. अक्षराचं घर साधारण रुंदीच्या दुप्पट उंच असतं. म्हणून चौरस ठिपका हवा असेल तर शेजारची दोन घरं एकाच रंगाने भरतात, आणि ८० घरांत असे ४० चौरस मावतात. दोन्हींना ‘घर’ म्हटलंत तर हे वाक्य लिहिताच येणार नाही.

प्रश्नकर्ता : पटलं. आता खरं रडगाणं. रंग दिला की रकाने सरकतात. त्याला शब्द काय?

प्रतिसाद ३ : शब्द नंतर, आधी कारण. लाल पार्श्वभूमीसाठी तुम्ही एस्केप (‘पुढे आज्ञा आहे, ती दाखवू नको’ असं टर्मिनलला सांगणारं चिन्ह), उघडा चौकोनी कंस, ४१ आणि एम पाठवता, ही झाली पाच चिन्हं. रंग पुसायला एस्केप, कंस, शून्य, एम, ही चार. पडद्यावर ‘४२७’ तीनच घरं घेतो, पण प्रोग्राम लांबी मोजतो १२, आणि ‘जागा पुरेशी भरली’ समजून पुढे मोकळी जागा सोडत नाही. आधी रिकाम्या जागा भरून घ्या, मग रंग चढवा. शब्दच हवा असेल तर ‘मोजलेली लांबी’ आणि ‘दिसणारी रुंदी’ असे दोन ठेवा.

प्रतिसाद २ : आणि मथळे देवनागरीत असतील तर देवच तारो. ‘क्षेत्र’ या शब्दात सात संकेतांक (संगणक एकेका चिन्हासाठी साठवतो तो आकडा) आहेत, डोळ्यांना अक्षरं दोन. ती किती घरं घेतील हे प्रत्येक टर्मिनल आपल्या मर्जीने ठरवतो.

प्रश्नकर्ता : मथळा ‘क्षेत्र’च आहे. ‘भाग’ करून टाकतो.