काजूच्या मार्झिपानची फळं वळताना तेल सुटतं, काय करता?

केळवाडी: नमस्कार मंडळी. मी वसईची, आमच्याकडे नाताळला मार्झिपान, म्हणजे काजू किंवा बदामाची पूड आणि साखरेच्या गोळ्याची मिठाई, दरवर्षी होतंच पण ते रबरी साच्यातलं, गुलाब मासे शिंपले वगैरे. यंदा मुलीला हाताने वळलेली फळं हवीयेत, केळी संत्री सफरचंदं, आणि प्लम केकवर होलीची (holly, नाताळच्या सजावटीतली काटेरी कडांची) पानं. बदाम नाही, काजूच, माप आईचं म्हणजे काजू आणि साखर समान वजनाची आणि अंड्याचं पांढरं. साच्यात ते मस्त बसतं पण हातात जरा जास्त वेळ राहिलं की तेल सुटतं, आकार बसका होतो, वरून चिरा. आणि फ्रीजमधून काढलं की घाम येऊन रंग एकमेकांत उतरतात. शिवाय शेजारच्या काकू अंडं खात नाहीत, त्यांच्या ताटात बिनअंड्याचं द्यायचंय, ते कसं करायचं? फाँडंट (नुसत्या साखरेचा मळलेला गोळा) सुचवू नका प्लीज, दिसायला छान पण खायला त्यात काही नाही.

माहीमची माई: अगं तेल वळताना दिसतं, पण सुटतं ते दळतानाच. मिक्सर सलग फिरवला की भांडं गरम होतं आणि काजूची पावडर व्हायच्या आधीच लोणी व्हायला लागतं. काजू फ्रीजमधले असतील तर आधी बाहेर काढून कोरडे होऊ दे, थोडे थोडे घाल, दोन सेकंद फिरव थांब, आणि मोजलेल्या साखरेतलीच दोन-तीन चमचे साखर सोबत टाक म्हणजे ती तेल धरून ठेवते. मग चाळ, वर राहिलेला चुरा दुसऱ्या घाण्यात ढकल, त्याच्याच मागे लागू नकोस. शिजवताना जाड बुडाची कढई आणि मंद आच, मिश्रण कडा सोडायला लागलं की चण्याएवढा तुकडा काढून गार करून बोटात फिरव, चिकटला नाही तर गॅस बंद. तिथून पुढे मिनिटभर जरी जास्त गेलं तरी ते कोरडं पडतं, तुझ्या चिरा मला त्यातल्याच वाटतायत. चिरा दिसल्या तर गुलाबपाण्याचे थेंब मारून हलक्या हाताने मळ, तूप अजिबात लावू नकोस, आधीच तेलाचा त्रास आहे त्यात भर कशाला.

पुणेरी ओव्हन: बिनअंड्याचं अगदी होतं. काजूकतली करता ना, तोच रस्ता, फक्त थोडं पुढे जायचं. २५० ग्रॅम काजूपूड, २०० ग्रॅम साखर, साखर जेमतेम भिजेल एवढं पाणी, एकतारी पाक झाला की पूड घालायची आणि गोळा होईपर्यंत मंद आचेवर ढवळायचं. कोमट असताना मळून घ्या, पूर्ण गार झाल्यावर ४०-५० ग्रॅम आयसिंग शुगर लागेल तशी मळत मळत घाला, ह्यानेच ते आकार धरतं, नुसत्या कतलीच्या गोळ्याची फळं वळली तर संध्याकाळपर्यंत खाली बसतात. बदामाचा इसेन्स दोनच थेंब, जास्त झाला तर काजूची चव मरते. रंग जेलचेच घ्या, पाण्यासारखे पातळ रंग मळलेत की गोळा चिकट झालाच म्हणून समजा.

हांबुर्गहून: मी जर्मनीत असतो, इथून ल्युबेक जवळच, मार्झिपानचं गाव. इथलं बदामाचं असतं पण साखरेचं गणित तुम्हाला उपयोगी पडेल. ल्युबेकच्या मार्झिपानमध्ये किमान ७० टक्के मूळ बदामाची पेस्ट आणि वरून घातलेली साखर जास्तीत जास्त ३० टक्के, त्यातल्या उंची प्रकारात तर पेस्ट ९० टक्के. जर्मनीत साधं मार्झिपान मात्र निम्मी साखर घातलेलंही चालतं. साखर कमी तितकी चव भारी पण तितकंच ते मऊ आणि नाजूक. म्हणून मी दोन वेगळे गोळे करतो, केकवर थर द्यायचा तो कमी साखरेचा, आणि आकार वळायचे त्यात आयसिंग शुगर जास्त. नवीन वर्षाला इथे शुभ म्हणून मार्झिपानची छोटी डुकरं देतात, आणि नाताळात कोकोत घोळवलेले बटाटे, म्हणजे मार्झिपानच्याच गोळ्या हां, लहान मुलांना करायला एकदम सोप्या, मुलीला त्यांच्यापासून सुरुवात करू द्या. आणि हात गरम असतील तर मधेमधे थंड पाण्याखाली धरून कोरडे पुसा, लहानशी गोष्ट पण फार फरक पडतो.

माहीमची माई: हात गार ठेवायचं अगदी बरोबर. आता आकारांचं सांगते. संत्र्याला सुपारीपेक्षा जरा मोठी गोळी, किसणीच्या बारीक बाजूवर हलकेच गोल फिरवायची, सालीसारखे खड्डे उठतात, वर लवंगेचं टोक खोचायचं. सफरचंदाला लवंग उलटी, फुलाची बाजू बाहेर, ती तळाला. (लवंग काढून खा असं मुलांना सांगायचं.) सगळी फळं आधी एका फिक्या रंगात वळून रात्रभर जाळीवर उघडी सुकू दे, लाली दुसऱ्या दिवशी कोरड्या रंगाची पूड मऊ ब्रशने फिरवून द्यायची, म्हणजे उतरायला ओला रंगच नाही. वसईच्या केळ्याला तर मान द्यायलाच हवा! लांबट वळून किंचित वाकवायचं, दोन बोटांच्या चिमटीत धरून कडा काढायच्या, आणि कोको दोन थेंब पाण्यात कालवून देठाला टोकाला आणि मधे एखादी बारीक रेघ. त्या रेघेने ते खरं पिकलेलं दिसतं. होलीच्या पानाला प्लास्टिकच्या दोन कागदांमधे पातळ लाटून पान काप, नोझलच्या गोल कडेने बाजूने चावे घे, सुरीच्या बोथट बाजूने शीर ओढ आणि लाटण्यावर आडवं टाकून सुकव, आपोआप वाक येतो.

केळवाडी: किती छान समजावलंत माई, मुलीला हे सगळं वाचून दाखवलं, तिने आत्ताच किसणी लपवून ठेवलीय. दोनच गोष्टी राहिल्या, ठेवायचं कसं आणि केकवर कधी लावायचं? आमच्याकडे वर रॉयल आयसिंग असतं, म्हणजे अंड्याचं पांढरं आणि आयसिंग शुगर फेटून केलेला, सुकून कडक होणारा पांढरा थर.

पुणेरी ओव्हन: सुकलेली फळं हवाबंद डब्यात, थरांमधे बटर पेपर, गार कोरड्या जागी दोन-चार दिवस बाहेर राहतात. त्याहून आधी केलीत तर फ्रीजमधे, पण बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडायचा नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, घाम डब्याच्या बाहेरच्या बाजूला येतो आणि फळं कोरडी राहतात. केकला आधी जॅम लावून मार्झिपानचा थर, तो एक-दोन दिवस सुकल्याशिवाय रॉयल आयसिंग नको, नाहीतर काजूचं तेल वर येऊन पांढऱ्यावर पिवळे डाग पडतात. आयसिंग कडक झालं की त्याच्याच एकेका ठिपक्याने फळं चिकटवा, आणि हे २४ तारखेलाच करा, आधी नको.

माहीमची माई: आणि उरलेला गोळा टाकू नकोस गं, क्लिंग फिल्ममधे गुंडाळून फ्रीझरमधे ठेव, ईस्टरला अंड्याच्या दोन वाट्या साच्यात दाबून जोडता येतील, जोडावर आयसिंगची नक्षी काढली की सांधा दिसतही नाही.